वाकवायच्या पीसीबीसाठी किकॅड: गोकुळ शिरगावातून एक परीक्षण

ट्रॅक्टरवरचं कंट्रोल कार्ड शेतात मोडू नये म्हणून ते आधी टेबलावर मोडून बघावं लागतं. त्यासाठी लागणारे चाचणी-बोर्ड मी किकॅड या पीसीबी (भाग बसवायची तांब्याच्या रेघांची पाटी) काढायच्या सॉफ्टवेअरवर काढते, आणि हे परीक्षण तेवढ्या कामापुरतंच आहे. आठ थरांच्या हाय-स्पीड पीसीबीला किकॅड कसं, याचं उत्तर इथे मिळणार नाही. वाकवायला, हादरवायला, आपटायला म्हणून काढलेल्या साध्या दोन थरांच्या बोर्डांना ते कसं पडतं, ते सांगते. थोडक्यात उत्तर हवं असेल तर: बिनधास्त वापरा. फुकट आहे म्हणून नव्हे, या कामाला ते खरंच बसतं म्हणून.

आमचं युनिट कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आहे. ट्रॅक्टर, पॉवर टिलर, ऊसतोडणी यंत्र यांच्यावर बसणारी छोटी कंट्रोल कार्डं आम्ही बनवतो. कार्ड बसतं ओतीव अॅल्युमिनियमच्या डब्यात आणि डबा बसतो इंजिनाच्या शेजारी. गाळप सुरू झालं की उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर शिरोळ-हातकणंगलेकडच्या पाणंदीतून कसा येतो हे ज्यानं बघितलंय, त्याला त्या डब्यातल्या कार्डाची अवस्था वेगळी सांगायला नको. माझ्याकडे चाचणीचं काम आहे. कुठला भाग किती वाकल्यावर जातो ते शोधायचं आणि डिझाइनवाल्यांना सांगायचं.

कार्ड हादऱ्यानं गेलं असं सगळेच म्हणतात. परत आलेली कार्डं उघडून बघा, बऱ्याचदा नुकसान डबा बंद करतानाच झालेलं असतं. डब्यातल्या चार बॉसपैकी (स्क्रू बसतात ते उंचवटे) एक जरासा खाली असला की स्क्रू आवळताना बोर्डचा तो कोपरा खाली खेचला जातो. तिथे जवळपास सिरॅमिक कपॅसिटर असेल तर त्याच्या टोकाच्या धातूच्या टोपीच्या कडेपाशी, बोर्डच्या बाजूनं, चीर सुरू होते आणि साधारण ४५ अंशांत तिरकी वर चढते. बाहेरून काहीही दिसत नाही. मीटर लावला तर कपॅसिटन्सही बरोबर येतो. कार्ड पास होऊन जातं. मग जूनमध्ये पाऊस लागतो, डब्यात दमटपणा शिरतो, ती ओल चिरेत जाते, आतल्या पडद्यांमध्ये गळती सुरू होते आणि एक दिवस कपॅसिटर शॉर्ट होतो. शेतकरी म्हणतो पावसानं गेलं. ते गेलेलं असतं स्क्रू आवळताना.

हे पकडायला खरं कार्ड वाकवून भागत नाही. त्यावर मायक्रोकंट्रोलर असतो, रिले असतो, कनेक्टर असतात. वाकवल्यावर कार्ड बंद पडलं तर नेमकं काय गेलं हे शोधण्यातच वेळ जातो, आणि आधी काय गेलं हे तर कळतच नाही. म्हणून चाचणीच्या बोर्डवर यातलं काही ठेवायचं नाही. प्रोग्राम नको, सप्लाय नको. ज्याची परीक्षा घ्यायची तो एकच भाग ओळीनं बसवायचा, सगळे एका माळेत जोडायचे आणि माळेचा रेझिस्टन्स बघत बघत बोर्ड वाकवायचा. एक सांधा सुटला की माळ तुटते. याला डेझी चेन म्हणतात.

एवढ्या साध्या बोर्डला सॉफ्टवेअर कशाला, असं आमच्याकडे नव्यानं आलेली पोरं विचारतात. बोर्ड साधा आहे म्हणूनच त्यातली प्रत्येक रेघ जोखमीची आहे. ज्याला मोडायला आणलंय तेच मोडलं पाहिजे. त्याच्याआधी ट्रॅक (तांब्याची रेघ) तुटला, व्हाया (दोन थर जोडणारं तांब्याचं भोक) तडकला किंवा कनेक्टर उचकटला तर सगळी चाचणी पाण्यात. त्यामुळे सॉफ्टवेअरकडून मला हवं असतं ते इतकंच: माझ्या नकळत काही जोडलं जाऊ नये, माझ्या नकळत काही वाकणाऱ्या भागात येऊ नये, आणि माप कागदावर आणि बोर्डवर एकच असावं. या तिन्ही गोष्टींवर किकॅड उतरतं का, ते आता बघू.

त्याआधी चार ओळी ओळखीच्या. किकॅड १९९२ मध्ये जाँ-पिएर शारास यांनी फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या आययूटी या तंत्रशिक्षण संस्थेत असताना सुरू केलं. पुढे जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकी संशोधन संस्थेनं त्यात लक्ष घातलं आणि तिथून त्याचा वेग वाढला. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली मोफत आहे. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. डिसेंबर २०२१ च्या आवृत्ती ६ नंतर ते पुष्कळ सुधारलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आवृत्ती ९ आली. आमच्या ऑफिसातल्या जुन्या लॅपटॉपवरही हे छोटे बोर्ड अजिबात न अडखळता निघतात.

आता कामाचं. पहिला बोर्ड करणाऱ्यानं झीरो ओहमचे १२०६ आकाराचे चिप रेझिस्टर घ्यावेत. स्वस्त असतात, आतून जोडलेलेच असतात आणि सोल्डरच्या सांध्याची परीक्षा घ्यायला उत्तम. किकॅडच्या सर्किटच्या आकृतीत असे वीस रेझिस्टर एकापुढे एक जोडले की प्रत्येक दोघांमधल्या तुकड्याला आपोआप स्वतंत्र नेट (जोडणीचं नाव) मिळतं. दिसायला किरकोळ गोष्ट, पण सगळं यावरच उभं आहे. नेट वेगळं असल्यामुळे एखाद्या रेझिस्टरला वळसा घालून जाणारा ट्रॅक काढायला गेलं की किकॅड तो काढूच देत नाही, आणि तरीही कुठून राहून गेला तर डीआरसीमध्ये (नियमांच्या तपासणीत) सापडतो. सगळ्या माळेला एकच नाव दिलं तर मात्र तपासणीला सगळं जोडलेलंच दिसेल. मग मधला सांधा तुटूनही मीटर हलणार नाही, आणि बोर्ड फार मजबूत आहे अशी खोटी खात्री घेऊन आपण घरी जाऊ.

क्यूएफएन किंवा बीजीए (सांधे पोटाखाली असलेल्या चिपा) तपासायचे असतील तर डमी पॅकेज मिळतात. त्यांत आतले पाय जोडीजोडीनं एकमेकांना जोडलेले असतात. इथे किकॅडच्या सिम्बॉल एडिटरमध्ये थोडा वेळ द्यावा. मी सिम्बॉलच्या पोटात १-२, ३-४ अशा आतल्या जोड्या नुसत्या चित्राच्या रेघेनं दाखवते आणि २-३, ४-५ या बोर्डच्या बाजूच्या जोड्या खऱ्या तारेनं जोडते. सगळे पाय पॅसिव्ह प्रकारचे ठेवायचे, म्हणजे तपासणीत उगाच तक्रारी येत नाहीत. एवढं केलं की आकृतीकडे बघून कुणालाही बोटानं माळ फिरवता येते: बोर्डवरून आत, आतून बाहेर, परत बोर्डवर. आकृती छापून चाचणीच्या टेबलावर चिकटवली की ऑपरेटरला वेगळं समजवावं लागत नाही.

कपॅसिटरची गोष्ट वेगळी. ते माळेत ओवून डीसी रेझिस्टन्स बघता येत नाही. ते समांतर जोडून गळती आणि कपॅसिटन्स दोन्हींवर लक्ष ठेवावं लागतं, आणि चाचणी संपल्यावर एखाद-दुसरा कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघावाच लागतो.

माळ संपूर्ण तुटली हे कळतं, पण कुठे तुटली? त्यासाठी दर चार-पाच भागांनंतर एक उघडं पॅड (सोल्डर करायची तांब्याची जागा) सोडायचं. मग अर्ध्यावर मीटर लावा, तुटलेला अर्धा भाग शोधा, त्याचा परत अर्धा. किकॅडमध्ये टेस्ट पॉइंटचे फूटप्रिंट (भागाच्या पॅडांचे आराखडे) तयारच असतात, नुसते आकृतीत टाकायचे. आणि दोन्ही टोकांना दोन-दोन पॅड द्यायची, म्हणजे चार वायरींनी मोजता येतं. हे अजिबात टाळू नये, कारण इथले आकडेच तेवढे छोटे असतात. ३५ मायक्रॉन तांब्याच्या पट्टीचा रेझिस्टन्स तिच्या रुंदीएवढ्या प्रत्येक चौकोनाला साधारण अर्धा मिलिओहम. अर्धा मिलिमीटर रुंद आणि अर्धा मीटर लांब ट्रॅक म्हणजे असे हजार चौकोन, म्हणजे अर्धा ओहम. वर रेझिस्टरांचे प्रत्येकी काही मिलिओहम. साध्या मल्टीमीटरच्या वायरींचा रेझिस्टन्सच याच्या आसपास पोचतो. किकॅडसोबत येणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये रुंदी, जाडी आणि लांबी टाकली की ट्रॅकचा रेझिस्टन्स मिळतो, आणि नेट इन्स्पेक्टरमध्ये प्रत्येक तुकड्याची लांबी दिसते. बोर्ड बनून यायच्या आधीच माळ किती दाखवेल याचा अंदाज माझ्या वहीत असतो. हातात आलेल्या बोर्डचा आकडा त्यापासून लांब असेल तर तो बोर्ड बाजूला.

तापमानाचं भान मात्र कुठलंही सॉफ्टवेअर देत नाही, ते आपलं आपण ठेवायचं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ-दुपारचा फरक १५ अंशांचा सहज असतो, म्हणजे जवळजवळ सहा टक्के नुसते उन्हानंच गेले. आयपीसी-९७०१ या सोल्डर-सांध्यांच्या मानकात २० टक्के वाढ म्हणजे सांधा गेला असं धरतात. त्यातला जवळपास तिसरा हिस्सा सूर्यानंच खाल्ला तर निकालावर कोण विश्वास ठेवणार? याउलट बोर्ड २००० मायक्रोस्ट्रेनपर्यंत (एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे लांबीत दहा लाखांत एक भाग फरक) वाकवला तरी ताणामुळे तांब्याचा रेझिस्टन्स साधारण ०.४ टक्केच बदलतो, म्हणजे एका अंशाएवढा. म्हणून मी प्रत्येक बोर्डवर आधारांच्या बाहेरच्या टोकाला, जिथे बोर्ड वाकतच नाही तिथे, भाग नसलेला एक नुसत्या ट्रॅकचा वेढा ठेवते. माळेचा आकडा एकट्यानं वाचायचा नाही, या वेढ्याच्या आकड्याशी तुलना करून वाचायचा.

मोजायचं ते बोर्ड वाकलेला असतानाच. तडकलेला सांधा बोर्ड सरळ झाला की परत टेकतो आणि सगळं ठीक दिसतं. हादऱ्याच्या चाचणीत तर तो क्षणभरच उघडतो, मल्टीमीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे ती क्षणिक फट पकडून धरून ठेवणारं सर्किट लागतं.

आता आकार. कपॅसिटरसाठी एईसी-क्यू२०० या वाहनांतल्या भागांच्या मानकात जी वाकवण्याची चाचणी आहे तिचा बोर्ड १०० बाय ४० मिलिमीटर, जाडी १.६. आधार ९० मिलिमीटर अंतरावर, मधोमध एकच भाग, आणि २ मिलिमीटर वाकवून ६० सेकंद धरायचं. बोर्डच्या पृष्ठावर ताण किती येतो ते हातानं काढता येतं: सहा गुणिले वाक गुणिले जाडी, भागिले आधारांमधल्या अंतराचा वर्ग. इथे ते साधारण २३७० मायक्रोस्ट्रेन येतं. पण हा सगळ्यात जास्त ताण फक्त मधोमध असतो, दोन्ही बाजूंना तो उतरत जातो. ओळीनं भाग बसवलेल्या माळेला ही पद्धत चालत नाही. मधल्याला जास्त, कडेच्याला कमी, मग तुलना कशाची करणार? माळेला चार रोलरांची मांडणी लागते. बाहेरचे दोन आधार, आतले दोन दाबणारे, आणि आतल्या दोघांच्या मधल्या पट्ट्यात ताण सगळीकडे सारखा. आयपीसी/जेडेक-९७०२ या मानकातली वाकवण्याची चाचणी अशीच आहे.

हा पट्टा हीच माझी खरी जागा. किकॅडमधलं मला सगळ्यात आवडलेलं साधन इथे कामी येतं. रूल एरिया म्हणून एक क्षेत्र आखायचं, त्याला नाव द्यायचं, आणि इथे व्हाया नको, इथे भाग नको असं ठरवून टाकायचं. कस्टम रूलमध्ये दोन-तीन ओळींत लिहिता येतं की या नावाच्या क्षेत्रात ट्रॅक अमुक रुंदीपेक्षा बारीक चालणार नाही. मग बोर्ड कुणीही काढो, नियम फाइलबरोबर जातात. रोलर टेकतात त्या पट्ट्यांनाही मी असंच राखून ठेवते. कनेक्टर आणि वायरी जोडायची पॅड कायम आधारांच्या बाहेर. वायर हलली आणि आकडा हलला तर चाचणी कशाची घेतली, हेच कळायचं नाही.

ट्रॅक पॅडमधून बाहेर पडतो ती जागा फार नाजूक. बारीक ट्रॅक लांबीच्या दिशेनं सरळ बाहेर काढला की वारंवार वाकवल्यावर तो तिथेच, सोल्डर मास्कच्या (वरच्या रंगाच्या थराच्या) कडेला तुटतो. सांधा शाबूत आणि माळ तुटलेली. त्यावर उपाय म्हणजे रुंद ट्रॅक, पॅडशी टिअरड्रॉप (थेंबासारखा रुंद होत जाणारा ट्रॅक), आणि शक्य तिथे वाकण्याच्या दिशेला आडवं बाहेर पडणं, कारण त्या दिशेनं ताण बराच कमी असतो. टिअरड्रॉपसाठी पूर्वी वेगळं प्लगइन टाकावं लागायचं, आता ते किकॅडच्या आतच आहे. एकसारखे भाग एकसारख्या अंतरावर मांडायला अॅरेचं साधन आहे. अंतर टाकायचं, ओळ तयार. हातानं सरकवून मांडलेले भाग या कामात मला मान्य नाहीत.

स्ट्रेन गेज (ताण मोजणारी पातळ पट्टी) चिकटवायची जागा मी स्वतःच्या फूटप्रिंटमध्ये बांधून ठेवली आहे. चार कोपऱ्यांत जुळवणीच्या खुणा, गेजच्या खाली दोन्ही थरांवर तांबं बंद, सिल्कस्क्रीन बंद, आणि बाजूला वायरींसाठी दोन छोटी पॅड. सिल्कस्क्रीनच्या शाईचा पातळ थरसुद्धा गेजखाली आला तर चिकटवण सपाट बसत नाही. हे फूटप्रिंट एकदा केलं की प्रत्येक बोर्डवर नुसतं टाकायचं.

मापाचा मुद्दा राहिला. वाकवायचं फिक्स्चर आम्ही शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांकडून करून घेतलं. कोल्हापूरचं हे सुख आहे: ऑइल इंजिनं आणि ओतकाम करून तयार झालेले हात इथे गल्लीत आहेत, पाच मिलिमीटरच्या पिनेसाठी कुठे लांब जावं लागत नाही. किकॅडमधून बोर्डची कड आणि रोलरच्या रेघा एकास एक मापात छापून मी मामांपुढे ठेवल्या. त्यांनी आधी खिशातला व्हर्नियर काढून कागदावरचं माप तपासलं, मग विचारलं, "मॅडम, ह्यो आधार टेकणार कुठं? भागावर आला तर वाकायच्या आधी चिरडंल की वो."

"मामा, भाग खालच्या अंगाला आहेत, पण ही पट्टी मोकळी सोडलीय. ह्या दोन रेघांच्या मध्ये काही येणार नाही."

"मग डॉवेल पिना टाकू, पर फिरत्या ठेवू. घट्ट बसवल्या तर बोर्ड घासंल, आन् तुमचं माप चुकंल."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. रोलर फिरले नाहीत तर घर्षणानं बोर्डात जास्तीचा ताण येतो आणि सूत्राचा आकडा गेजच्या आकड्याशी जुळत नाही. आमचा आता जुळतो, आणि त्याचं निम्मं श्रेय त्या फिरत्या पिनांना. छापलेल्या कागदाबरोबर मी डीएक्सएफ (ड्रॉइंगची) फाइलही देते. तीच लेसर कटिंगवाल्याला चालते. उलट बाजूनं, डब्याच्या ड्रॉइंगमधला बॉसचा आराखडाही डीएक्सएफनं किकॅडमध्ये आणता येतो. खऱ्या स्क्रूची जागा आणि चाचणी-बोर्डची जागा त्यामुळे तंतोतंत एक.

बोर्ड बनवून घेताना सावध राहायला हवं, कारण पीसीबीवाल्यांना असल्या बोर्डांची सवय नसते. एका पुरवठादारानं आमच्या बोर्डच्या मोकळ्या जागांत स्वतःहून तांब्याचे ठिपके भरून दिले. प्लेटिंग सारखं बसावं म्हणून ते तसं करतात, त्यांच्या दृष्टीनं ती चांगली सवय आहे. पण वाकवायच्या बोर्डात तांबं वाढलं की तो तिथे कडक होतो, आणि वाकण्याचा हिशेब बदलतो. त्याच लॉटमध्ये तारखेचा शिक्का नेमका गेजच्या जागेवर छापून आला. तेव्हापासून किकॅडच्या एका यूजर लेअरवर मी सूचना लिहिते आणि ती गर्बरबरोबर (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या थरांच्या फाइली) जाते: तांबं भरू नये, शिक्का या चौकोनातच, कड राउटरनं कापावी, व्ही-कट (खाच पाडून मोडणं) नको, जोडणीचे टॅब फक्त आखूड बाजूंना. व्ही-कटची कड खडबडीत राहते आणि लांब बाजूला ती असली तर काचेच्या धाग्यांची चीर तिथूनच सुरू होते. काचेच्या कापडाच्या ताण्याची दिशा दाखवणारा बाणही काढते, कारण एफआर-४ ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेनं सारखं कडक नसतं. अर्धे बोर्ड एका दिशेचे आणि अर्धे दुसऱ्या दिशेचे आले तर तुलना संपली. पाठवायच्या आधी गर्बर व्ह्यूअरमध्ये प्रत्येक थर स्वतः उघडून बघावा. तो किकॅडसोबतच येतो.

या सगळ्यातून निघालेला एक उपयोगी निकाल सांगते, कारण तो आमच्यासारख्या कुणालाही आज वापरता येईल. कपॅसिटरची लांब बाजू वाकण्याच्या दिशेला समांतर असेल तर तो लवकर चिरतो. आडवा असेल तर बराच जास्त वाक सोसतो. ही गोष्ट कपॅसिटर बनवणाऱ्या कंपन्या त्यांच्या माहितीपत्रकांत सांगतातच. पण एकाच बोर्डवर उभी ओळ आणि आडवी ओळ शेजारीशेजारी ठेवून ती डिझाइनवाल्यांना डोळ्यांनी दाखवली तेव्हा कुठे आमच्या कार्डावरचे स्क्रूजवळचे कपॅसिटर फिरले. वाक सोसावा म्हणून मऊ टोकांचे केलेले कपॅसिटर महाग पडतात. नुसतं फिरवायला एक पैसा लागत नाही.

उणिवाही आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे किकॅडला यांत्रिक हिशेब अजिबात येत नाही. बोर्ड किती वाकेल, ताण कुठे एकवटेल, हे त्याला विचारता येत नाही. स्टेप (त्रिमितीय आकाराची) फाइल काढून फ्रीकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या एफईएम (ताणाचं गणित करणाऱ्या) भागात न्यावी लागते. तीही नुसत्या बोर्डच्या अंगाची न्यावी. सगळ्या भागांसकट नेली तर गणित तासन्तास रेंगाळतं. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे ऑफिसात सगळ्यांकडे एकच आवृत्ती असावी, नाहीतर रोज कुणीतरी अडकतं. सिम्बॉल आणि फूटप्रिंट वेगवेगळ्या लायब्ररीत असणं नव्या माणसाला सुरुवातीला गोंधळात टाकतं. आणि सोबत येणाऱ्या फूटप्रिंटची पॅड आपल्या उत्पादनातल्या पॅडशी जुळतीलच असं नाही. या कामात तो फरक चालत नाही, कारण सांध्याचा आकार पॅडवरच ठरतो. आपल्या खऱ्या कार्डाचं फूटप्रिंट प्रोजेक्टच्या लायब्ररीत कॉपी करून तेच वापरावं. बोर्डची जाडी, थर, सोल्डर पेस्ट, ओव्हनचं सेटिंगसुद्धा खऱ्या कार्डाचंच ठेवावं.

आपटण्याच्या चाचणीचा बोर्डही मी यावर काढला आहे. जेडेकच्या मूळ जेईएसडी२२-बी१११ मानकात तो १३२ बाय ७७ मिलिमीटरचा, १ मिलिमीटर जाडीचा, १५ भागांचा आहे आणि धक्का १५०० जी (गुरुत्वाच्या १५०० पट), अर्ध्या मिलिसेकंदाचा. किकॅडला त्यात काही अवघड नाही. पण ते मोबाइलसारख्या हातातल्या वस्तूंसाठी आहे. ट्रॅक्टरवरच्या कार्डाला वाकवणं आणि हादरवणं जास्त कामाचं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण यांत्रिक हिशेबाचा कापला. शिरोली, कागल, गोकुळ शिरगाव भागातल्या ज्या छोट्या युनिटांना ग्राहक आता चाचणीचे अहवाल मागायला लागलेत, त्यांनी महागडा परवाना घ्यायच्या आधी हे वापरून बघावं. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पासाठी हा विषय फार चांगला आहे: बोर्ड स्वस्त, भाग स्वस्त, आणि फिक्स्चर करून देणारी माणसं गावातच. परवान्याचे वाचलेले पैसे चांगल्या स्ट्रेन गेजवर, त्याच्या योग्य चिकटवणावर आणि चार वायरींनी मोजणाऱ्या मीटरवर घालावेत. यातला गेज आधी घ्या, मीटर नंतर.